‘जेव्हा माणूस जागा होतो’मधील तलवाडा-प्रकरण : काही विचार

गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तेव्हापासून या पुस्तकाविषयी जे लिहिले गेले त्याचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. एका प्रकारातील लेखक अनुभवाच्या मोठेपणापुढे नतमस्तक होऊन वाङ्मयीन प्रश्न बाजूस ठेवतात. दुसऱ्या प्रकारातील लेखक ‘प्रचार’ हा शब्द उच्चारून तेच करतात. दोघांनाही पुस्तकाची बांधणी पाहण्याचे कारण उरत नाही. प्रस्तुत टिपणात संपूर्ण पुस्तकाचा परामर्श घेण्याचा हेतू नाही. एका दीर्घ संघर्षकथेतील एकच प्रकरण, तलवाड्याच्या गोळीबाराचे, निवेदनाच्या अंगाने तपासावे आणि त्याचे बळ कशात आहे, त्याची उणीव कशात आहे, एवढेच पाहावे असा विचार आहे. ही दोन्ही एकाच गोष्टीतून उद्भवतात, असे माझे मत आहे. ती गोष्ट म्हणजे निवेदिकेची अनुपस्थिती.

विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी घटनाक्रम थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळे येथे किसान सभेची प्रांतिक परिषद भरली; तिला उंबरगाव-डहाणू भागातील काही वारली हजर राहिले. त्याच वर्षी मे महिन्यात झरी येथे वारल्यांची स्वतःची परिषद झाली. झरी त्या वेळी उंबरगाव तालुक्यात मोडे. आज ते तलासरी तालुक्यात आहे. तेथे वेठ न करण्याचा, रोजी बारा आणे मागण्याचा आणि मारहाणीला एकजुटीने तोंड देण्याचा निर्धार झाला. पुढे गवतकापणीच्या दराचा प्रश्न उभा राहिला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये ही मागणी होती. या तापलेल्या वातावरणात १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला हजारो आदिवासी जमले आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले.

हे लोक जमले कशासाठी, हा या प्रकरणाचा गाभा आहे. गोदावरीबाईंची तेथे सभा आहे आणि जमीनदारांच्या गुंडांपासून त्यांच्या जिवाला धोका आहे, अशा आशयाची वार्ता पाड्यापाड्यांतून पसरली होती. ती खोटी होती. चळवळीच्या बाजूने तिचे कर्तृत्व जमीनदारांकडे दिले जाते. त्याच वेळी पोलिसांना मात्र आदिवासी चाल करून येत आहेत असे कळविले गेले, असेही सांगितले जाते. लेखिका तलवाड्याला नव्हत्या. म्हणजे जिच्यासाठी माणसे आली, उभी राहिली आणि मेली, तीच व्यक्ती पंचवीस वर्षांनी ती घटना प्रथमपुरुषी पुस्तकात सांगत आहे; आणि तिने ती पाहिलेली नाही.

वाङ्मयीन दृष्ट्या ही विलक्षण अडचणीची जागा आहे. साहसकथेचा नेहमीचा संकेत असा की, संकट शिगेला पोचले की नायक येऊन ठेपतो. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’वर वाढलेल्या पिढीला तो परिचित होता. आमचे आजचे विद्यार्थी आवडीने वाचतात ती जपानी चित्रमालिका ‘वन पीस’ १९९७ पासून साप्ताहिकातून चालू आहे. तिच्यातील मरीनफोर्डच्या युद्धाच्या प्रकरणाचा परिणाम मोठा होतो तो याच संकेताला धक्का दिल्यामुळे. तेथे नायक पोचतो, पण भावाला वाचवू शकत नाही. तलवाड्याची गोष्ट याहून पुढची आहे. येथे कोणी येणारच नसते. वाचकाला हे ठाऊक असते, जमावाला नसते. आणि जमाव हलत नाही. गोळीबार थांबून थांबून कित्येक तास चालला, तरी लोक पांगले नाहीत, ही गोष्ट चळवळीच्या सर्व वृत्तांतांत सांगितली जाते. हा ताण उभा करण्यासाठी लेखिकेला अलंकारांची गरज भासत नाही. आपल्या नावाने घडलेल्या या घटनेत त्या स्वतःला मध्यभागी आणीत नाहीत, हा केवळ विनय नव्हे. ती निवेदनाची शिस्त आहे, आणि आत्मपर लेखनात ती सहसा आढळत नाही.

श्यामराव परुळेकर यांचे ‘रिव्होल्ट ऑफ द वारलीज’ हे १९४७ सालचे इंग्रजी पुस्तक शेजारी ठेवले म्हणजे हा फरक स्पष्ट होतो. ते लढा चालू असताना, बाहेरच्या वाचकाला पटवून देण्यासाठी लिहिलेले आहे. त्याची रीत वकिली पत्राची आहे आणि ती त्या हेतूला साजेशी आहे. गोदावरीबाई मराठीत, श्यामरावांच्या निधनानंतर, सावकाश लिहितात. आकडे दोघांकडेही आहेत. परंतु येथे आकड्यांना जी भावनिक किंमत येते ती तेथे येत नाही. बारा आणे, अडीच रुपये, पाचशे पौंड : माणसाचे अपमान आणि त्याची मागणी ही दोन्ही या परिमाणांत मोजली जातात, आणि वाचकाला हळूहळू कळते की ज्या माणसाचा दिवस कधी मोजलाच गेला नव्हता त्याच्यासाठी मोजमाप हेच जागे होणे आहे. सिमिंग्टन यांच्या १९३९ च्या सरकारी अहवालात वेठीचे वर्णन आहे, १९४५ सालीच प्रसिद्ध झालेल्या के. जे. सावे यांच्या ‘द वारलीज’मध्ये वारल्यांच्या चालीरीतींची बारकाईने नोंद आहे. दोन्ही उपयुक्त आहेत. पण त्यांत वारली हा ज्याच्याविषयी लिहिले जाते तो आहे, मागणारा नाही.

आता उणिवेकडे वळावयास हवे, आणि ती लहान नाही. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाला दोन रूपे आहेत. ‘आपण’ ऐकणाऱ्याला सामावून घेते, ‘आम्ही’ त्याला वगळते. या पुस्तकातील ‘आम्ही’ हे प्रायः कार्यकर्त्यांचे ‘आम्ही’ आहे. तेथून आदिवासी हे ‘ते’ होतात. जेथे लेखिका त्यांच्या झोपडीत राहते, त्यांच्याबरोबर चालते, तेथे हे अंतर प्रत्यक्ष सहवासाने भरून निघते, आणि पुस्तकाचा मोठा भाग असा आहे. तलवाड्यात सहवासच नाही. त्यामुळे ‘आम्ही’ गळून पडते आणि उरते ते ‘ते’ : एक विशाल, धीरोदात्त, एकजीव जमाव. येथे प्रकरणाला साक्षीदारांची गरज होती. कोण कोणत्या पाड्यातून निघाले, वाटेत काय बोलले, पहिली गोळी सुटल्यावर शेजारच्याकडे पाहून काय म्हणाले, हे ज्यांना ठाऊक होते त्यांच्या मुखातून, त्यांच्या बोलीत, ही रात्र यावयास हवी होती. निवेदन सरळ प्रमाण मराठीत चालते. ‘वेठ’, ‘लग्नगडी’, ‘लाल बावटा’ असे शब्द त्यात पक्के रुजलेले आहेत, परंतु शब्द येणे आणि बोलणाऱ्याचा श्वास येणे यांत अंतर असते. पाच हुतात्म्यांपैकी वाचकाच्या स्मरणात बहुधा एकच नाव राहते, हा या अंतराचाच परिणाम आहे.

वार्तेच्या प्रश्नाला तर हे प्रकरण जेमतेम स्पर्श करते. खोटी बातमी जमीनदारांनी उठविली, हे मान्य करू. पण कोणी उठविली याने ती का पसरली याचे उत्तर मिळत नाही. डांबरी रस्ता नसलेल्या, बहुतांशी निरक्षर मुलखात एक निरोप मोठ्या प्रदेशातील माणसे एका जागी आणतो. याचा अर्थ, निरोप पोचविण्याची यंत्रणा आधीच तयार होती, आणि ती झरीनंतरच्या महिन्यांत घडली होती. ज्या वाटांनी वेठ बंद झाल्याची आणि लग्नगडी सुटल्याची खबर गेली त्याच वाटांनी ही खबर गेली. शत्रूने त्या वाटा वापरल्या म्हणून त्या शत्रूच्या होत नाहीत. लेखिका कारस्थानाच्या उलगड्याला जेवढी जागा देतात तेवढी या गोष्टीला देत्या, तर त्यांच्या मुख्य प्रतिपादनाला यासारखा दुसरा पुरावा मिळाला नसता. भाषेच्या अभ्यासकाला तरी ही हातची गेलेली संधी वाटते.

दुसरा प्रश्न स्त्रियांचा. इंद्रा मुन्शी-सालढाणा यांनी १९८६ मध्ये या उठावातील स्त्रियांविषयी लिहिताना डाव्या दृष्टिकोनात वर्गाचा प्रश्न स्त्रीच्या प्रश्नाला झाकून टाकतो, असा मुद्दा मांडला होता. तो गोदावरीबाईंना जसाच्या तसा लावणे मला अन्यायाचे वाटते. लग्नगड्याच्या बायकोचे हाल त्यांच्याइतक्या निर्भीडपणे मराठीत फार थोड्यांनी लिहिले आहेत. तरीही ‘लग्नगडी’ हा शब्दच पाहा. लग्नाच्या कर्जापायी पुरुष गडी होई, आणि त्याच्याबरोबर त्याची बायकोही राबे. पण समासाने नाव दिले ते एकट्या पुरुषाला. पुस्तकाच्या आधीच्या भागात लेखिका या शब्दाच्या आत शिरून त्या बाईला बाहेर आणतात. तलवाड्याच्या जमावात ती पुन्हा दिसेनाशी होते.

पुस्तकाच्या नावाचाही विचार येथे करता येईल. ‘जेव्हा’ने सुरू होणारे हे गौण वाक्य आहे, त्याचे ‘तेव्हा’ मुखपृष्ठावर नाही. शिवाय क्रियापद ‘झाला’ असे भूतकाळी नाही, ‘होतो’ आहे. झरीचे प्रकरण वाचताना ते ‘तेव्हा’ सहज भरून येते : वेठ थांबते, मजुरी वाढते. तलवाड्याच्या प्रकरणात ते भरता येत नाही, आणि लेखिका ते ओढूनताणून भरीत नाहीत. मात्र त्यानंतर निवेदनाची गती एकाएकी वाढते. १९४६ मधील मोठा संप, नेत्यांची जिल्ह्यातून हद्दपारी, ७ जानेवारी १९४७ चा नानिवलीचा गोळीबार, असे प्रसंग एकामागून एक येतात. मृतांच्या घरी काय झाले हे विचारण्यासाठी कोणी थांबत नाही. हद्दपारीचा हुकूम ज्यांच्यावर होता त्यांना थांबता येत नव्हते, हे खरे आहे. पण पुस्तक १९७० चे आहे, आणि १९७० मध्ये तलवाड्याहून परत आलेली माणसे डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर हयात होती. आज तीही राहिलेली नाहीत. त्यांची नातवंडे मात्र आमच्या वर्गात येतात, आणि त्यांपैकी काहींच्या घरी त्या रात्रीविषयी अजून वारलीत बोलले जाते. पदव्युत्तर प्रबंधाच्या विषयांची निवड करताना विभागाने ही नोंद प्रथम हाती घ्यावी, कारण तिला मुदत आहे.