क्लिनिक वकील घडवतं, की निवडतं?

'रिसर्च मेथडॉलॉजी समजायला एखादा पेपर सुचव' असं ज्युनियर्स विचारतात. मी केमिस्ट्रीवाला, पण आज सुचवतोय तो पेपर कायद्याच्या शिक्षणावरचा आहे: रेबेका सँडफर आणि जेफ्री सेल्बिन यांचा 'द क्लिनिक इफेक्ट' (२००९).

अमेरिकेतल्या लॉ स्कूलच्या क्लिनिकमध्ये विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली खऱ्या अशिलांचं काम करतात. घर खाली करायची नोटीस आलेला भाडेकरू, आश्रय मागणारा निर्वासित असे ते अशील. हे अनुभवलेला विद्यार्थी पुढे लोकहिताच्या वकिलीकडे वळतो, असं सगळेच धरून चालतात. ते तपासायला लेखकांनी २००० साली सनद मिळालेल्या वकिलांच्या एका मोठ्या सर्व्हेचा डेटा वापरला.

निष्कर्ष गमतीशीर आहे. नवे वकील क्लिनिकला खूप उपयोगी म्हणतात. पण क्लिनिकचा अनुभव आणि पुढे विनामोबदला केसेस घेणं यांचा संबंध सापडला नाही. लोकहिताच्या नोकरीशी ठळक संबंध दिसला, पण तो 'लोकांच्या उपयोगी पडायचं म्हणून लॉला आलो' असं सांगणाऱ्यांमध्येच. आमच्या भाषेत, क्लिनिक म्हणजे उत्प्रेरक. जी अभिक्रिया होणारच नाही, ती उत्प्रेरक घडवू शकत नाही.

निराशा करणारा भागही लपवला नाही, म्हणून पेपर मला आवडला. पण दोन जागी अडतो. एक, लॉला का आलात हे वकील झाल्यावर विचारलंय. एनजीओत काम करणाऱ्याला आपला जुना हेतू जरा जास्तच उदात्त आठवणार ना? दोन, ध्येयवाद्यांमध्येही जे जास्त तळमळीचे, तेच क्लिनिक निवडणार. मग पुढची नोकरी क्लिनिकमुळे की तळमळीमुळे?

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. 'समर प्रोजेक्ट केलेले पीएचडीकडे जास्त वळतात' असा चार्ट मी स्वतः मोठ्या अभिमानाने दाखवला होता. गाईड एवढंच म्हणाले, "ज्यांना वळायचंच होतं, तेच प्रोजेक्टला आले नसतील कशावरून?" तीन महिन्यांचं काम त्या एका प्रश्नात गेलं.

भारतात प्रश्न वेगळा होतो. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार प्रत्येक लॉ कॉलेजात लीगल एड क्लिनिक हवंच, आणि मूट कोर्ट, ड्राफ्टिंगसारखे क्लिनिकल पेपर सक्तीचे आहेत. सक्ती असली की निवडीचा गोंधळ कमी होतो. पण मूट कोर्टातला काल्पनिक अशील आणि समोर बसून रडणारा माणूस यांना एकाच नावाखाली मोजायचं का? अमेरिकेतला निष्कर्ष उचलून इथे चिकटवू नका, तो याचसाठी.

मग करायचं काय? हेतू प्रवेशाच्या दिवशीच विचारून ठेवा. क्लिनिकच्या जागा कमी आणि अर्ज जास्त असतील, तर चिठ्ठ्या टाका. नंबर लागलेले आणि न लागलेले दोघेही इच्छुकच असतात, त्यांची दहा वर्षांनी तुलना करा.

तुमच्या प्रपोजलमध्ये 'परिणाम' हा शब्द असेल, तर आज रात्री तो गाईडचा प्रश्न स्वतःला विचारून बघा. व्हायवात ऐकण्यापेक्षा बरं.