'मेदशोफ' आणि गर्भारपण : एका संज्ञेची व तिच्या उपचारविचाराची समीक्षा

रोगाचे नाव ही केवळ ओळखीची खूण असते, असा एक सर्वसाधारण समज आहे. परंतु वैद्यकाच्या इतिहासाकडे थोड्या बारकाईने पाहिले, तर नाव हे पुष्कळदा निदानाच्या अगोदर निर्णय देऊन बसलेले असते असे आढळते. ज्या विकाराला इंग्रजीत 'लिपिडीमा' अथवा 'लायपोईडीमा' म्हणतात, त्याची गोष्ट या प्रकारची आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्ये एडगर ॲलन आणि एडगर हाइन्स या दोन वैद्यांनी १९४० साली या विकाराचे वर्णन करून त्याला हे नाव दिले. नावाचे दोन भाग आहेत : पहिला मेद आणि दुसरा सूज. मराठीत त्याचा सरळ अनुवाद 'मेदशोफ' असा होईल. या जोडनावातील दुसरे पद कितपत सार्थ आहे, आणि ते जसेच्या तसे स्वीकारल्याने गरोदर स्त्रीच्या देखभालीत काय काय घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम विकाराचे स्वरूप पाहू. १९५१ साली वोल्ड, हाइन्स आणि ॲलन यांनी ११९ रुग्णांच्या अभ्यासावरून जी लक्षणे सांगितली, ती आजही थोड्याफार फरकाने निदानाचा पाया म्हणून वापरली जातात. विकार जवळजवळ केवळ स्त्रियांमध्येच आढळतो. दोन्ही पाय सारख्या प्रमाणात वाढतात. परंतु पावले बहुधा वाचतात, त्यामुळे मेदाची वाढ घोट्यापाशी एकाएकी थांबल्यासारखी दिसते. स्पर्श केल्यास दुखते, किरकोळ धक्क्यानेही काळेनिळे डाग पडतात, आणि पाय उंच करून ठेवले किंवा वजन घटले तरी वाढलेला भाग फारसा उतरत नाही. याच यादीत आणखी एक लक्षण आहे, त्याकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे : बोटाने दाबले असता खळगा पडणारी सूज अत्यल्प असते. म्हणजे ज्या लेखकांनी नावात सूज घातली, त्यांनीच लक्षणांत ती जवळजवळ नाकारली. पुढील सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या वादाचे बीज या विसंगतीत आहे.

हा वाद आज दोन पक्षांत स्पष्टपणे उभा आहे. २०२० साली युरोपातील काही तज्ज्ञांनी एकत्र येऊन असे मत मांडले की, या विकारात सुजेचा पुरेसा पुरावाच नाही. खरे लक्षण आहे ती वेदना, आणि उपचाराचे लक्ष्यही वेदनाच असले पाहिजे. २०२१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या उपचार-निर्देशाने याला सैल संयोजी ऊतकाचा रोग मानले, आणि यौवनागम, गर्भारपण व रजोनिवृत्ती या काळांत तो उद्भवतो असे म्हटले. जर्मनीच्या २०२४ च्या निर्देशानेही वेदनेला निदानात मध्यवर्ती स्थान दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तिने हा विकार त्वचेखालील मेदाच्या विकारांत घातला असून लसीकावाहिन्यांच्या सुजेपासून तो वेगळा ठेवला आहे. या दोन पक्षांपैकी कोणता बरोबर, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. गर्भारपणाच्या संदर्भात या वादाची फलश्रुती काय, एवढाच आपला प्रश्न आहे.

गर्भारपणात स्त्रीच्या शरीरातील रक्ताचे आकारमान सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. वाढत्या गर्भाशयाचा दाब ओटीपोटातील नीलांवर पडतो. रक्तातील प्रथिनांचे प्रमाण विरल होते. त्यामुळे अखेरच्या महिन्यांत घोट्यांना सूज येणे ही सामान्य गोष्ट आहे. आता ज्या स्त्रीचे पाय मुळातच मेदाने वाढलेले व दुखरे आहेत, तिच्या बाबतीत तीन प्रकारच्या चुका संभवतात. जे जे दिसेल ते जुन्या विकाराच्या खात्यावर टाकणे ही पहिली. ते सर्व गर्भारपणाच्या खात्यावर टाकणे ही दुसरी. आणि ते सर्व त्या स्त्रीच्या खाण्याच्या खात्यावर टाकणे ही तिसरी. तिन्ही चुकांचे मूळ एकच आहे : मेद आणि सूज यांना एका शब्दात बांधून टाकल्यामुळे ती वेगवेगळी पाहण्याची सवय सुटते.

पहिल्या चुकीचे परिणाम सर्वांत गंभीर असतात. 'हिला मेदशोफच आहे' असे म्हणून नवी सूज दुर्लक्षिली गेली, तर दोन धोके नजरेआड होतात. त्यांपैकी एक म्हणजे प्री-एक्लाम्प्सिया. एके काळी रक्तदाब, लघवीतील प्रथिन आणि सूज या त्रयीवर त्याचे निदान होत असे. पुढे सूज ही निरोगी गरोदर स्त्रियांतही आढळते म्हणून ती व्याख्येतून वगळण्यात आली. परंतु व्याख्येतून वगळली म्हणजे तपासणीतूनही वगळली, असा अर्थ कोणी घेऊ नये. चेहऱ्यावर वा हातांवर एकाएकी आलेली सूज, तीव्र डोकेदुखी, दृष्टीतील बिघाड, बरगड्यांखालील वेदना यांपैकी काहीही या विकाराने होत नाही. ते दिसताच रक्तदाब व लघवी यांची तपासणी त्वरित झाली पाहिजे. याच ठिकाणी उलट दिशेची चूकही घडू शकते. काही रुग्णांचे दंडही मेदाने वाढलेले असतात. अशा दंडावर नेहमीच्या मापाचा पट्टा बांधला तर रक्तदाब खऱ्याहून अधिक भरतो. म्हणून दंडाचा घेर मोजून योग्य रुंदीचा पट्टा निवडणे, आणि पुढील प्रत्येक भेटीत तोच वापरणे, ही येथे निदानाचीच एक पायरी ठरते.

दुसरा धोका पायाच्या खोल नीलेत होणाऱ्या रक्तगाठीचा. गर्भारपणात हा धोका वाढतो, आणि अशी गाठ बहुधा डाव्या पायात होते. जिचे दोन्ही पाय नित्य दुखतात, तिची नवी वेदना सहज जुन्या वेदनेत मिसळून जाते. परंतु विकाराचे सममित स्वरूप हेच येथे उपयोगी पडते. गरोदर स्त्रियांतील अशा गाठीसंबंधी २००९ साली जो नियम मांडला गेला, त्यात डाव्या पायाची तक्रार व पहिली तिमाही यांच्या जोडीला दोन पोटऱ्यांच्या घेरात २ सेंटिमीटर वा अधिक फरक हा एक निकष आहे. तेव्हा पहिल्याच भेटीत दोन्ही पोटऱ्यांचे माप ठराविक जागी घेऊन नोंदवून ठेवले, तर पुढे एका बाजूची वाढ लपून राहणार नाही. दोन्ही पाय सारखे मोठे असणे हा या विकाराचा स्वभाव आहे. एकच पाय मोठा होऊ लागणे हा त्याचा स्वभाव नव्हे. एवढे एक वाक्य प्रसूतिपूर्व तपासणी करणाऱ्या प्रत्येकाच्या स्मरणात राहिले, तरी पुष्कळ साधेल.

आता 'गर्भारपणामुळे हा विकार होतो' या बहुश्रुत विधानाकडे वळू. अमेरिकन निर्देशात ते आले आहे आणि रुग्णांसाठी लिहिलेल्या साहित्यात ते सिद्धांतासारखे वावरते. त्याचा आधार मुख्यतः रुग्णांनी पुष्कळ वर्षांनंतर सांगितलेल्या आठवणी हा आहे. आठवण खोटी असते असे नव्हे. पण आयुष्यातील मोठ्या घटनेभोवती इतर गोष्टी गोळा करण्याची तिची प्रवृत्ती सर्वपरिचित आहे. शिवाय मांड्या व नितंब यांवर मेद साठणे हा गर्भारपणाचा स्वाभाविक धर्म आहे. १९८५ साली रेबुफे-स्क्रीव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, मांडीच्या मेदपेशी एरवी मेद साठविण्यास अधिक प्रवृत्त असतात, परंतु स्तनपानाच्या काळात त्यांची ही वृत्ती घटून त्यांतील मेद अधिक सहजतेने मोकळा होतो. म्हणजे निसर्गाने ही ठेव बाळासाठी ठेवलेली दिसते. तेव्हा संशोधनाला विचारण्याजोगा प्रश्न 'गर्भारपणात पाय वाढले का' हा नसून, 'बाळंतपणानंतर व स्तनपानाच्या काळात या स्त्रियांच्या पायांतील मेद इतरांप्रमाणे उतरतो का' हा आहे. त्यासाठी गर्भधारणेपूर्वीपासून प्रसूतीनंतर वर्षभर मापे घेत जाणारा अभ्यास हवा. आठवणींची कितीही मोठी गोळाबेरीज त्याची जागा घेऊ शकणार नाही. तोवर एखाद्या तरुण स्त्रीला केवळ या विधानाच्या बळावर मातृत्वापासून परावृत्त करणे न्याय्य नव्हे.

वजनाच्या प्रश्नात तिसरी चूक स्पष्ट दिसते. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ साली गर्भारपणातील वजनवाढीच्या मर्यादा सांगितल्या. देहवस्तुमान निर्देशांक १८.५ ते २४.९ असलेल्या स्त्रीस ११.५ ते १६ किलो, आणि ३० वा अधिक असलेल्या स्त्रीस ५ ते ९ किलो. हा निर्देशांक उंची व वजन जाणतो. मेद कोठे आहे हे जाणत नाही. ज्या स्त्रीचा मेद मुख्यत्वे पायांत आहे, ती या गणिताने वरच्या वर्गात ढकलली जाते. भारतीयांसाठी २००९ च्या मतैक्यानुसार २५ पासूनच स्थूलता धरली जात असल्याने आपल्याकडे हे अधिकच सुलभतेने घडेल. गर्भधारणेपूर्वीचा कमरेचा घेर नोंदलेला असल्यास हा दोष काहीसा सुधारता येतो. परंतु येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. रक्तगाठ टाळण्याच्या नियमांत निर्देशांक ३० हा एक जोखीम-घटक म्हणून मोजला जातो. तो 'हा तर पायांतला मेद' म्हणून आपल्या मनाने वजा करू नये. निर्देशांकाच्या आधारे स्त्रीला दोष देणे चूक आहे; पण त्याच्या आधारे तिला संरक्षण देणे चूक नाही.

आहाराविषयीही असाच विवेक हवा. पिष्टमय पदार्थ जवळजवळ वर्ज्य करणारा आहार या विकारात अलीकडे पुष्कळ सुचविला जातो. गर्भारपण हा असल्या प्रयोगाचा काळ नव्हे. मूत्रल औषधे मेदावर काहीच करीत नाहीत, आणि गर्भारपणातील साध्या सुजेसाठीही ती देऊ नयेत. शस्त्रक्रियेने मेद शोषून काढण्याचा विचार प्रसूती व स्तनपान यांनंतरचा.

मग शिल्लक काय राहते? दाबाचे पायमोजे, चालणे, पाण्यातील व्यायाम आणि विश्रांती. यांच्या समर्थनार्थ पुष्कळदा कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्याकडे बोट दाखविले जाते. त्यात सात प्रयोग व ३२६ स्त्रिया होत्या, आणि पाण्यात उभे राहिल्याने पायांचे आकारमान घटते असे एका लहानशा प्रयोगात दिसले. परंतु तो आढावा गर्भारपणातील फुगलेल्या नीला व सर्वसामान्य सूज यांचा आहे, प्रस्तुत विकाराचा नव्हे. तेव्हा त्याचा आधार घ्यायचा तर असा : या स्त्रीला गर्भारपणाची जी सूज इतरांप्रमाणे येईल, तिच्यासाठी हे उपाय योग्य, तिचा मेद त्यामुळे घटेल असे वचन मात्र कोणी देऊ नये. दाबमोजे वेदना कमी करतात, हे युरोपीय तज्ज्ञांचे म्हणणे मान्य केले, तर तेवढेही कमी नाही. मात्र पायांचा घेर महिन्यागणिक बदलत असल्याने माप पुन्हापुन्हा घ्यावे लागेल, पोटावर दाब न येणारा प्रकार निवडावा लागेल. आणि कोकणातील उन्हाळ्यात दिवसभर ते वापरा असे सांगणाऱ्याने त्या सल्ल्याची व्यवहार्यताही तपासावी लागेल.

अखेरीस पुन्हा संज्ञेकडे. मराठीत या विकारावर लेखन अजून व्हावयाचे आहे, आणि ही एका अर्थी सोयच आहे. पाश्चात्त्य भाषांना १९४० चे नाव सोडणे कठीण झाले आहे; आपल्यावर तसे बंधन नाही. 'मेदशोफ' हा शब्द रूढ केला, तर प्रत्येक विद्यार्थी सूज गृहीत धरूनच रुग्णाकडे जाईल. त्याऐवजी 'सशूल मेदवृद्धी' असा शब्द योजावा, असे आम्ही सुचवितो. त्यात वेदना आहे, मेद आहे, आणि सूज नाही; त्यामुळे गरोदर स्त्रीच्या पायावर सूज दिसली तर ती कोठून आली, हा प्रश्न खुला राहतो. हा प्रश्न खुला राहण्यावर कधी कधी दोन जीव अवलंबून असतात.