तडजोडीचे वाङ्मय : लेंटिन अहवालाच्या निमित्ताने

औषधनिर्मितीच्या व्यवसायातील नैतिक तडजोड कोणत्या लेखनप्रकारात यथार्थपणे प्रकट होते, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेबाहेरचा वाटेल. परंतु दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचल्यास तो तसा नाही, हे ध्यानात येईल.

कॅथरिन ईबन यांच्या 'बॉटल ऑफ लाइज' (२०१९) या ग्रंथाचे नायक दिनेश ठाकूर होत. रॅनबॅक्सीने सादर केलेली चाचण्यांची माहिती बनावट असल्याचे आढळल्यावर त्यांनी २००५ मध्ये नोकरी सोडली व अमेरिकन शासनास ते कळविले. २०१३ मध्ये कंपनीने तेथे गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. ग्रंथ वेधक आहे, यात शंका नाही. तथापि वाचक सहजच नायकाच्या बाजूस उभा राहतो, आणि खोटे आकडे निमूटपणे लिहिणारे सामान्य कर्मचारी त्याला परके वाटू लागतात.

न्या. बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल याहून निराळा आहे. १९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरिन दिलेले १४ रुग्ण दगावले; त्यात मूत्रपिंडे निकामी करणारे डायएथिलिन ग्लायकॉल मिसळलेले होते. या अहवालास नायक नाही. पुरवठादार, रुग्णालयाचे अधिकारी, औषध प्रशासन व मंत्री या सर्वांच्या वर्तनाची तो झडती घेतो. अहवालानंतर १९८८ मध्ये आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. तडजोड म्हणजे एकाचे महापाप नव्हे, तर अनेकांनी आपापल्या मेजावर विचारायचा टाळलेला एकच प्रश्न होय, हे येथे जितके स्पष्ट होते तितके नायकप्रधान कथनात होत नाही.

ग्लिसरिन आणि हे विष दोन्ही रंगहीन, दाट व गोडसर. बुलढाणा जिल्ह्यातील उंद्रीसारख्या गावी मुलासाठी खोकल्याचे औषध घेणारी आई वेष्टनावरील अक्षरे वाचू शकेल. आतील द्रव पारखणे तिच्या हाती नाही. तिचा सारा भरवसा अनोळखी माणसांच्या सचोटीवर असतो. २०२५ मध्ये छिंदवाडा भागातील वीसहून अधिक बालके खोकल्याच्या औषधातील याच विषाने दगावली. त्यांपैकी अनेकांना उपचारार्थ नागपुरास आणले होते.

अहवालाची मर्यादाही सांगितली पाहिजे. तो दोष निश्चित करतो. परंतु सही करताना माणूस स्वतःची समजूत कशी घालतो, हे सांगणे त्याचे काम नव्हे. ते कादंबरीकाराचे काम आहे. त्या सही करणाऱ्यात वाचकास स्वतःचा चेहरा दिसावा, एवढे मराठी कादंबरीने साधले तरी पुष्कळ झाले.