पाणी न दाखवणारा पाण्याचा चित्रपट

विज्ञान आणि समाज यांच्या नात्यावर वरच्या वर्गांतल्या मुलांना कोणता चित्रपट दाखवावा, असा विषय शिक्षकांत निघाला की सत्यजित राय यांच्या ‘गणशत्रू’चे (१९८९) नाव पुढे येते. ते योग्यच आहे. दूषित पाण्यासारखा रोजच्या जगण्यातला विषय, खरे बोलल्याबद्दल एका डॉक्टरला मोजावी लागलेली किंमत आणि ती सांगण्याची सरळ, समजेल अशी पद्धत या तिन्ही गोष्टी वर्गासाठी सोयीच्या आहेत. मात्र विज्ञान शिकवणाऱ्याने हा चित्रपट पाहिला, तर एक गोष्ट त्याला खटकल्याशिवाय राहणार नाही. पाण्याविषयीच्या या चित्रपटात पाण्याचा प्रवास कुठेच दिसत नाही. ही उणीव वरवरची नाही. चित्रपट संपल्यावर मुलांच्या मनात कोणता प्रश्न उरतो, हे तिच्यावर अवलंबून आहे.

कथा थोडक्यात अशी. बंगालमधल्या चंडीपूर नावाच्या लहान शहरात काविळीचे रुग्ण वाढू लागतात. डॉ. अशोक गुप्त (सौमित्र चटर्जी) यांना पाण्याचा संशय येतो. ते नमुने कलकत्त्याला तपासणीसाठी पाठवतात आणि संशय खरा ठरतो. शहराच्या ज्या भागात रोग आहे, त्याच भागात एक नवे, प्रसिद्ध देऊळ आहे. दूरदूरचे भाविक तिथे येऊन चरणामृत, म्हणजे आपण ज्याला तीर्थ म्हणतो ते, प्राशन करतात. सदोष नळांमुळे तेही पाणी दूषित झालेले असते. काही काळ देऊळ बंद ठेवून नळ दुरुस्त करावेत, एवढीच डॉक्टरांची मागणी आहे. पण डॉक्टरांचा धाकटा भाऊ निशीथ (धृतिमान चटर्जी) नगरपालिकेचा अध्यक्ष आहे, देवळामागे भार्गव नावाचा धनिक आहे आणि शहराची मिळकत यात्रेकरूंवर आहे. डॉक्टरांचा लेख छापायला निघालेले वर्तमानपत्र माघार घेते. जाहीर सभेत त्यांना बोलू दिले जात नाही; तुम्ही हिंदू आहात का, देवळात कधी गेला होतात का, असे विचारले जाते. अखेर ते लोकांचे शत्रू ठरतात.

हे कथानक इब्सेन यांच्या १८८२ च्या नॉर्वेजियन नाटकावरून घेतलेले आहे. तिथे देवळाच्या जागी औषधी स्नानगृहे आहेत आणि तीर्थाच्या जागी स्नानाचे पाणी. नाटकाचा काळ लक्षात घेण्यासारखा आहे. कॉलऱ्याचा जंतू रोगाला कारण आहे, हे रॉबर्ट कॉख यांनी १८८३-८४ मध्ये, आधी इजिप्तमध्ये आणि मग कलकत्त्यात काम करून मांडले. कलकत्त्यातल्या एका तळ्याच्या पाण्यात त्यांना तो जंतू सापडला. म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जीव पाण्यातून रोग पसरवतात ही गोष्ट सर्वमान्य होण्याआधी इब्सेन यांनी तिच्यावर नाटक लिहिले, आणि पुढे एका बंगाली दिग्दर्शकाने ते पुन्हा बंगालमध्ये आणले.

राय यांनी केलेल्या बदलांपैकी एक निश्चितच चांगला आहे. इब्सेन यांचा डॉक्टर सभेत पाण्याचा विषय सोडून ‘बहुमत नेहमी चुकतेच’ अशा टोकाला जातो आणि सामान्य माणसाविषयी तुच्छतेने बोलतो. डॉ. गुप्त तसे बोलत नाहीत. लोक अडाणी आहेत असे ते म्हणत नाहीत. लोकांना माहिती मिळाली पाहिजे, एवढेच म्हणतात. विज्ञानप्रसार करणाऱ्यांनी या फरकाकडे पाहावे. लोकांवर चिडणारा वैज्ञानिक आणि लोकांच्या बाजूने बोलू पाहणारा वैज्ञानिक यांत राय यांनी दुसऱ्याची निवड केली. माहिती दडपण्याची साखळीही त्यांनी अचूक दाखवली आहे. यातला कोणीही अहवाल खोटा आहे असे सिद्ध करत नाही. जो तो फक्त ‘आत्ता नको’ असे म्हणतो. संपादकाला खपाची काळजी, अध्यक्षाला शहराच्या नावाची, छापखानेवाल्याला भांडणाची. खरी माहिती बहुतेक वेळा अशीच अडते.

आता उणिवेकडे वळू.

हृदयविकारानंतर राय यांना बाहेर चित्रण करायला डॉक्टरांनी मनाई केली होती. त्यामुळे हा चित्रपट स्टुडिओत झाला आणि जवळजवळ सगळा बंद खोल्यांत घडतो. त्यांची ही अडचण समजण्यासारखी आहे. पण फुटका नळ पडद्यावर दाखवता आला नाही, तरी त्याविषयी बोलता आले असते. नळ कुठे फुटला, गटार त्याच्या किती जवळून जाते, पाणी किती तास येते, ते शुद्ध करण्याची सोय आहे की नाही, यांतले फार थोडे आपल्याला कळते. नळ सदोष आहेत हे एकदा कळते आणि मग तो विषय मागे पडतो. पुढचा सगळा वाद तुळस आणि गंगाजल घातलेले तीर्थ दूषित होऊ शकते का, या मुद्द्यावर फिरतो. प्रेक्षक घरी जातो तो ‘विज्ञान विरुद्ध श्रद्धा’ एवढेच घेऊन. पण देऊळ नसलेल्या गावातही तो नळ तसाच फुटतो, आणि तिथेही तीच कावीळ होते.

हे कसे घडते ते वर्गात सांगण्यासारखे आहे. आपल्याकडच्या बहुतेक गावांत आणि शहरांत नळाला ठरावीक वेळच पाणी येते. पाणी सुरू असते तेव्हा नळातला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो. नळाला चीर असेल तर पाणी बाहेर गळते. पाणी बंद झाले की दाब उतरतो, आणि नळाभोवतीच्या ओल्या मातीतले, शेजारच्या गटाराचे पाणी त्याच चिरेतून आत शिरते. पुन्हा पाणी सुरू झाले की ही घाण पहिल्या धारेबरोबर घरात येते. शुद्धीकरण केंद्रातून निघालेले उत्तम पाणी वाटेत असे बिघडते. नगरपालिकेचे गळके नळ, गटाराला खेटून टाकलेली वाहिनी आणि तासांवर चालणारा पुरवठा हेच या कथेतले खरे आरोपी आहेत. चित्रपट त्यांना जवळजवळ निर्दोष सोडतो.

तुळशीचा मुद्दाही राय यांनी फार सोपा करून टाकला आहे. तुळशीची पाने घातलेल्या पाण्यात जंतू असूच शकत नाहीत, असा भार्गवचा दावा आहे आणि सुशिक्षित प्रेक्षकाला तो हास्यास्पद वाटावा अशीच त्याची मांडणी आहे. वर्गातला एखादा हुशार मुलगा मात्र याहून पक्का प्रश्न विचारील. अर्नेस्ट हॅन्किन यांनी १८९६ साली गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात असे नोंदवले होते, ते काय खोटे होते? ते खोटे नव्हते. जिवाणूंना मारणारे विषाणू, म्हणजे फाज, नदीच्या पाण्यात असतात हे पुढे समजले. पण फाज आपल्या ठरावीक जिवाणूलाच मारतो; काविळीच्या विषाणूचे त्याने काहीच बिघडत नाही. तुळशीच्या अर्कात जंतुनाशक गुण सापडणे आणि घंगाळभर पाण्यात चार पाने टाकणे यांत असाच प्रमाणाचा फरक आहे. प्रमाण आणि वेळ यांच्याशिवाय क्लोरीनसुद्धा निरुपयोगी ठरतो. पाणी गढूळ असेल तर तो गाळावरच खर्च होतो, म्हणून आधी तुरटीने गाळ बसवावा लागतो. त्यानंतरही त्याला निदान अर्धा तास द्यावा लागतो. भार्गवला हसून गप्प करण्याऐवजी ‘किती आणि किती वेळ’ हा प्रश्न कोणी विचारला असता, तर त्या एका संवादात विज्ञानाची पद्धत आली असती. मुलांच्या घरी तीर्थ घेतले जाते. त्यांच्या श्रद्धेची थट्टा न करताही हा प्रश्न विचारता येतो.

कलकत्त्याहून आलेला अहवालही चित्रपटात अखेरच्या शब्दासारखा वापरला आहे. एक कागद आला आणि सत्य ठरले. प्रत्यक्षात पाण्याची तपासणी इतकी सरळ नसते, आणि याचे मोठे उदाहरण आपल्याच देशात आहे. १९५५ च्या अखेरीस यमुनेच्या पुरानंतर दिल्लीतल्या नजफगड नाल्याचे सांडपाणी वझिराबाद इथल्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोहोचले. केंद्रातल्या लोकांनी तुरटी आणि क्लोरीन वाढवले. त्यामुळे विषमज्वर आणि अतिसार वाढले नाहीत. तरीही पुढच्या काही आठवड्यांत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. जिवाणू मारायला पुरला तेवढा क्लोरीन विषाणूंना पुरला नव्हता. तो विषाणू ‘हेपटायटिस ई’ असल्याचे कळायला त्यानंतर काही दशके गेली. आजही विषाणूंचा धोका असेल तिथे पाण्यात लीटरमागे ०.२ ऐवजी ०.५ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन शिल्लक राहावा असे भारतीय मानक सांगते, ते यामुळेच. काविळीवरच्या चित्रपटात अहवालाने नेमके काय तपासले, एवढे विचारणारे एक तरी पात्र असायला हवे होते.

सर्वांत मोठी गोष्ट राय यांनी मूळ नाटकातून वगळली आहे. इब्सेन यांच्या नाटकात पाणी बिघडवणारा कोणीतरी आहे. वरच्या अंगाला कातडी कमावण्याचे कारखाने आहेत, त्यांतला एक डॉक्टरच्या सासऱ्याचा आहे, आणि पाण्याची वाहिनी चुकीच्या, सखल जागी टाकली गेली आहे. ती नव्याने टाकायला दोन वर्षे लागतील, म्हणून नगराध्यक्ष अडून बसतो. म्हणजे एकाच पाण्यावर वर कोणी कमावतो आणि खाली कोणी आजारी पडतो, हा हिशेब नाटकात मांडलेला आहे. ‘गणशत्रू’त सासराही नाही आणि कारखानाही नाही. पाणी आपोआप बिघडल्यासारखे बिघडते, आणि प्रश्न उरतो तो फक्त ते मान्य करण्याचा.

आपल्याला मात्र इब्सेन यांचा हिशेब ओळखीचा आहे. पंचगंगेच्या काठच्या इचलकरंजीत २०१२ च्या उन्हाळ्यात काविळीची मोठी साथ आली. वरच्या अंगाला असलेल्या कोल्हापूरचे सांडपाणी वर्षानुवर्षे याच नदीत येत राहिले होते, आणि इचलकरंजीच्या कापड-प्रक्रियेचे पाणीही त्यात मिसळत आले होते. तिथे वाद तुळशीचा नव्हता. नदीतून पाणी घ्यायचे आणि आपले सांडपाणी त्याच नदीत, पुढच्या गावाच्या वर सोडायचे, असा तो व्यवहार होता. पिण्याचे पाणी सुरक्षित ठेवणे आणि नदी टिकेल अशा रीतीने वापरणे ही दोन वेगळी कामे नाहीत. नदी जितकी बिघडेल तितकी तुरटी, क्लोरीन आणि वीज खालच्या गावाला जास्त लागते, आणि दिल्लीत दिसले त्याप्रमाणे कधी कधी तीही पुरत नाही. पाठ्यपुस्तकांतही हे दोन विषय दोन वेगळ्या धड्यांत पडतात, तशीच गत या चित्रपटात झाली आहे.

शेवटही याच कारणाने अपुरा वाटतो. डॉक्टरांची नोकरी जाते, मुलीची शाळेतली नोकरी जाते, घराच्या काचा फुटतात. मग तरुण मुले घोषणा देत त्यांच्या बाजूने येतात आणि डॉक्टरांचा चेहरा उजळतो. इब्सेन यांचा डॉक्टर एकटेपणातच बळ शोधतो. राय यांचा डॉक्टर एकटा राहत नाही, ही गोष्ट मनाला उभारी देते. पण चंडीपूरच्या नळाला त्या रात्रीही तेच पाणी आलेले असणार. मोर्चा निघाला, दुरुस्ती कोण करणार, तिचे पैसे कोण देणार आणि तोवर लोकांनी काय प्यावे, हे कोणी विचारले नाही. ज्यांना परवडते ते आज घरी शुद्धीकरण यंत्र बसवून या प्रश्नातून बाहेर पडतात, आणि सार्वजनिक नळाविषयी तक्रार करणारा आवाज तेवढा कमी होतो.

तरीही ‘गणशत्रू’ मुलांना दाखवावा असेच माझे मत आहे. फक्त चित्रपट संपला की चर्चा ‘डॉक्टर बरोबर की लोक’ इथे थांबवू नये. मुलांना आपल्या शाळेच्या नळाचा नकाशा काढायला सांगावे. पाणी कोणत्या नदीतून किंवा विहिरीतून येते, वरच्या अंगाला काय आहे, टाकी कुठे आहे, वाहिनी गटाराला कुठे ओलांडते, पाणी किती तास असते, हे सगळे त्यात यावे. नळाच्या अगदी शेवटच्या टोकाला क्लोरीन शिल्लक आहे का, ते पाणीपुरवठा कर्मचाऱ्याकडून ओटी चाचणी करवून पाहता येईल. रंग पिवळा झाला नाही तर क्लोरीन वाटेतच संपला असे समजावे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेत के. एस. मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली मांडलेली बाटलीची चाचणीही शाळेत सहज होते. बाटलीतल्या कागदी पट्टीवर पाणी ओतून उबदार जागी एक-दोन दिवस ठेवावे. पाणी काळे झाले तर त्यात मैला मिसळल्याची दाट शंका घ्यावी. काळी झालेली बाटली मुलांनी हाताळू नये. शिक्षकांनीच ब्लीचिंग पावडरचे पाणी घालून ती निकामी करावी. आणि बाटली काळी झाली नाही म्हणून विषाणू नाहीत असे ठरत नाही, हे दिल्लीच्या उदाहरणावरून मुलांनाच काढू द्यावे.

असा नकाशा आणि अशी नोंद मुलांनी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नेऊन दिली, तर डॉ. गुप्त यांना जे करता आले नाही ते थोडेफार होईल. डॉक्टरांकडे एकच अहवाल होता आणि तो एकाच माणसाच्या हातात होता, म्हणून तो दाबणे सोपे गेले. नळाच्या प्रत्येक टोकाची नोंद घरोघरच्या मुलांकडे असेल, तर ती दाबणे इतके सोपे जाणार नाही.