हात कुणाचा, पाटी कुणाची?

प्राथमिक शाळेत मुलांनी हाताने करून शिकावे, हा विचार आज सर्वमान्य झाला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये कृतीतून व शोधातून शिकण्याचा निर्देश आहे. ज्ञानरचनावादाच्या नावाने जिल्हा परिषदेच्या शाळांतून फरशीवर तक्ते रंगले, मण्यांच्या माळा आणि काड्यांचे गठ्ठे वर्गात आले. हे स्वागतार्हच आहे. पण दलित वाचकाला एक प्रश्न टाळता येत नाही : हाताचे काम नेमके कुणाला नवे आहे?

पांढरपेशा घरातल्या मुलाच्या हाताला माती लागणे हा शिक्षणातला प्रयोग ठरतो. भोकरदन तालुक्यातले पिंपळगाव रेणुकाई मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. अशा गावातल्या शेतमजुराच्या मुलाला मिरची तोडून बोटांची होणारी आग शाळेत शिकवावी लागत नाही. त्याला नाकारली गेली ती पाटी. बाबासाहेब शाळेत असताना गणित सोडवायला फळ्याकडे निघाले, तेव्हा फळ्यामागचे आपले डबे विटाळतील म्हणून सवर्ण मुलांनी गलका केला, असे चरित्रकार सांगतात. ज्या समाजात खडू धरलेल्या हाताचा विटाळ होतो, तिथे ‘कृतीतून शिक्षण’ हा शब्द भाबडेपणाने वापरता येत नाही.

हात आणि शाळा जोडण्याच्या दोन परंपरा आपल्याकडे आहेत. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे लेखन, वाचन, हिशेब यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान मागितले. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत आणि वेळ पडल्यास नांगराची मूठ धरण्याची त्यांना लाज वाटू नये, असेही सुचवले. दुसरी परंपरा मद्रासची. तिथे १९५३ साली राजगोपालाचारींनी अर्धा वेळ शाळा आणि उरलेला वेळ आईबापांचा धंदा, अशी योजना आणली. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला कुलधंद्याचे शिक्षण म्हणून विरोध केला; १९५४ मध्ये ती रद्द झाली. जोतीराव शिक्षकाला नांगरापर्यंत नेतात. मद्रासची योजना मुलाला बापाच्या धंद्याकडे परत पाठवते. १९३७ च्या वर्धा योजनेने श्रमाला प्रतिष्ठा देऊ केली; पण मुलांच्या हस्तोद्योगातून शाळेचा खर्च निघावा, ही तिच्यामागची अपेक्षा गरिबाच्या मुलाला पुन्हा मजूरच करते.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. हाताने केलेल्या कामाचे पाटीवर काय झाले? मिरची वर्गात आणावी. मुलांनी ती तोलावी, वाळवून पुन्हा तोलावी, वजन का घटले यावर वाद घालावा. तोडणीची मजुरी आणि बाजारातला भाव शेजारी शेजारी मांडून वजाबाकी करावी. मग आईच्या कष्टाला आकडा मिळतो, आणि आकड्याबरोबर प्रश्नही येतो. तो प्रश्न विचारू देणारी कृती हेच शिक्षण. बाकीची कृती म्हणजे निरीक्षकासाठी केलेली सजावट.

आमच्या पिढीतल्या अनेकांना शाळेने दिलेली पहिली कृती झाडू मारण्याची होती. त्यातून कोणताही पाठ निघाला नाही. आमची जागा तेवढी दाखवली गेली. आजही रंगीत तक्त्यांनी भरलेल्या वर्गात गेल्यावर आधी पाहावे की झाडू सर्वांच्या हाती पाळीपाळीने येतो का, आणि खडूही तसाच येतो का. या दोन्ही गोष्टी होत नसतील, तर त्या वर्गाला नवा म्हणण्याची घाई करू नये.