फळ्यामागचे डबे

मुंबईच्या व्हिक्टोरियाकालीन इमारतींवर आपल्याकडे मोठ्या भक्तिभावाने लिहिले जाते. कमानी, मनोरे, रंगीत काचा यांची वर्णने असतात; देणगीदारांची नावे असतात. त्या वास्तूत कोण कुठे बसले, हा प्रश्न या रसिकांना पडत नाही.

आझाद मैदानाजवळची एल्फिन्स्टन हायस्कूलची इमारत घ्या. 1870 च्या दशकातले गॉथिक बांधकाम, आल्बर्ट ससून यांची देणगी, दर्शनी भव्य पायऱ्या. इमारत देखणी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. (घरात पदवी घेणारा मी पहिलाच. अशा पायऱ्या चढताना हात अजून चपलेकडे जातो.) आम्हा नाशिककरांना असा घडीव दगड नवा नाही. काळारामाचे देऊळ काळ्या पाषाणाचेच. 1930 साली त्याचे दरवाजे आमच्या माणसांसाठी बंद राहिले, म्हणून सत्याग्रह करावा लागला.

शाळेचे दार मात्र कायद्याने उघडे होते. 1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला. ते प्रकरण वरपर्यंत गेले आणि 1858 साली मुंबई सरकारने जाहीर केले, की केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व प्रजाजनांना खुल्या राहतील. एल्फिन्स्टन त्यानंतर उभी राहिली. म्हणजे भिंती चढल्या तेव्हा प्रवेशाचा प्रश्न निदान कागदावर तरी मिटला होता.

आत काय घडले? धनंजय कीरांच्या चरित्रात प्रसंग आहे. शिक्षकांनी विद्यार्थी आंबेडकरांना गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावले, तशी सवर्ण मुले धावली आणि फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे त्यांनी भराभर दूर केले. वास्तुविशारदाच्या नकाशात वर्ग एकच होता. मुलांनी घरून दुसरा नकाशा आणला होता, आणि वर्गात चालला तो हाच. संस्कृतचे दारही बंदच. फारसी घेऊन ते 1907 साली मॅट्रिक झाले.

उंच छताने आणि मोकळ्या हवेने विटाळ जात नाही, हे इंग्रज अभियंत्याला ठाऊक नसेल. आपल्या समीक्षकांना ते ठाऊक आहे, तरीही ते कमानीशीच थांबतात.

पुढे बाबासाहेब काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. ती इमारत 1888 सालची, याहूनही नटलेली. तिथला हॉटेलवाला त्यांना चहा काय, पाणीही देत नसे, असे कीर लिहितात. 2018 साली जागतिक वारसा ठरलेल्या मुंबईच्या वास्तुसमूहात ही कॉलेजची इमारत आहे.