यादी १९९८ सालीच थांबली आहे

ग्लासगोच्या ‘बेल अँड सेबॅस्टियन’चे दोन चाहते एकत्र आले की तिसऱ्या वाक्याला क्रमवारी निघते. कुठलं गाणं पहिलं, कुठलं दहात बसत नाही, कुठल्यावर अन्याय झाला. इंडी पॉपमध्ये असे वाद बहुतेक बँडच्या वाट्याला येतात, पण या बँडइतक्या जिव्हाळ्याने क्वचितच कुणाच्या गाण्यांना क्रमांक दिले गेले असतील. मी या याद्या अनेक वर्षं आवडीने वाचत आलो आहे आणि स्वतःही केल्या आहेत. त्या वाचताना एक गोष्ट दरवेळी खटकते. वरच्या जागा त्याच त्या गाण्यांना मिळतात: ‘द स्टेट आय ॲम इन’, ‘द स्टार्स ऑफ ट्रॅक अँड फील्ड’, ‘लेझी लाइन पेंटर जेन’, ‘ज्यूडी अँड द ड्रीम ऑफ हॉर्सेस’, ‘द बॉय विथ द ॲरॅब स्ट्रॅप’. ही सगळी १९९६ ते १९९८ या तीन वर्षांतली. बँड मात्र २०२३ च्या ‘लेट डेव्हलपर्स’पर्यंत नवे अल्बम देत राहिला. ही पाच गाणी थोर आहेत, याबद्दल माझं दुमत नाही. पण पुढची वीस-पंचवीस वर्षं पुन्हा कान देऊन ऐकून मग ही क्रमवारी लावली जाते, असं मला वाटत नाही. बहुतेक वेळा जुनी यादीच नव्या तारखेने समोर येते.

याचं एक कारण बँडच्या जन्मकथेत आहे. स्टुअर्ट मर्डॉक आणि स्टुअर्ट डेव्हिड हे ग्लासगोत बेरोजगार वादकांसाठी चालवल्या जाणाऱ्या एका सरकारी प्रशिक्षणात भेटले. तिथल्या स्टो कॉलेजात संगीत-व्यवसायाचा अभ्यासक्रम होता आणि त्याचे विद्यार्थी ‘इलेक्ट्रिक हनी’ नावाचं छोटं लेबल चालवत. त्यांची प्रथा वर्षाला एक सिंगल काढण्याची, पण मर्डॉककडे गाणी इतकी साठली होती की अख्खा अल्बम झाला. हा ‘टायगरमिल्क’, साल १९९६. थोड्या दिवसांत मुद्रित केलेला आणि फक्त एक हजार प्रती छापलेला. त्याच वर्षाच्या अखेरीस जीपस्टर या लेबलने ‘इफ यू आर फीलिंग सिनिस्टर’ काढला आणि बँडचं नाव सर्वदूर झालं, तरी पहिला अल्बम मिळेनाच. मूळ प्रतींना काही शे पौंड मोजले जाऊ लागले. ज्यांना ते परवडत नव्हतं त्यांनी कॅसेटवरून कॅसेटवर उतरवून घेतला. १९९९ मध्ये तो पुन्हा बाजारात आला तोवर चाहत्यांच्या मनात त्याची गादी पक्की झाली होती. दुर्मीळ वस्तू मनाने आधीच वर चढवलेली असते, तिला नंतर खाली आणणं जड जातं.

‘द स्टेट आय ॲम इन’ हे त्याच अल्बमचं पहिलं गाणं. ते दुर्मीळपणाच्या पुण्याईवर टिकलेलं नाही, हेही मान्य केलं पाहिजे. एक गिटार आणि मर्डॉकचा बारीक, जवळजवळ कानाशी बोलणारा आवाज, एवढ्यावर ते सुरू होतं. बहिणीच्या लग्नाच्या दिवशी भाऊ आपण समलिंगी असल्याचं सांगतो. निवेदक एका परदेशी मुलीला देशाबाहेर काढलं जाऊ नये म्हणून तिच्याशी लग्न करतो. तो पाद्र्यापाशी मन मोकळं करायला जातो, तर पाद्री त्यावर पुस्तकच लिहितो. एका लघुकथासंग्रहाला पुरेल इतका ऐवज पाच मिनिटांत येतो आणि तोही आवाज न चढवता. वाद्यं एकेक करून सामील होतात, कुणीही घाईत नसतं. या गाण्याचा आणखी एक अवतार १९९७ च्या ‘डॉग ऑन व्हील्स’ या ईपीवर आहे, बँड नीट जमण्याआधीचा. दोन्ही लागोपाठ ऐकले की मर्डॉकला साथीदार मिळाल्यावर नेमकं काय घडलं ते कळतं. शब्द तेच राहिले, त्यांच्यामागे माणसं उभी राहिली. ज्या यादीत हे गाणं पहिलं येतं, तिच्याशी मी भांडणार नाही.

भांडण आहे ते इतर ठिकाणी. १९९७ मध्ये या बँडने एकामागून एक तीन ईपी काढल्या आणि त्यांतली जवळजवळ सगळी गाणी मुद्दाम अल्बमबाहेर ठेवली. ‘लेझी लाइन पेंटर जेन’ हे दुसऱ्या ईपीचं शीर्षकगीत. मोनिका क्वीन ही पाहुणी गायिका. तिचा भरदार, खुला गळा आणि मर्डॉकचा संकोची सूर यांची जोडी कागदावर जमणारी नाही. पण ती तिच्या कडव्यावर आली की गाण्याची उंचीच बदलते. मर्डॉकने दबक्या आवाजात सांगितलेली गोष्ट ती रस्त्यात उभी राहून सांगते. शेवटी शब्द संपतात, ऑर्गन आणि ड्रम एकमेकांना ढकलत राहतात आणि जवळजवळ सहा मिनिटांचं गाणं संपूच नये असं वाटतं. ब्रिटिश तक्त्यावर ती ईपी ४१ व्या क्रमांकावर थांबली, लोकप्रिय चाळिसांच्या एक पायरी खाली. चाहत्यांनी पुढे हे गाणं उचलून धरलं त्यात या हुकलेल्या पायरीचाही वाटा असावा. पण याच ईपींवरची ‘स्ट्रिंग बीन जीन’, ‘पुट द बुक बॅक ऑन द शेल्फ’, ‘यू मेड मी फर्गेट माय ड्रीम्स’ याद्यांच्या तळाला किंवा याद्यांबाहेर असतात. अल्बमवर नसलेलं गाणं आजच्या ऐकणाऱ्याच्या हाताला सहज लागत नाही, हे त्याचं साधं कारण. २००५ मध्ये ‘पुश बारमन टू ओपन ओल्ड वूंड्स’ या दोन डिस्कच्या संचात सात ईपींची २५ गाणी एकत्र आली. तो संच या बँडच्या कुठल्याही अल्बमच्या तोडीचा आहे, माझ्या मते बहुतेकांपेक्षा सरस. अल्बमांची क्रमवारी लावताना संकलन म्हणून तो वगळला जातो, तेव्हा ती क्रमवारी अर्धीच राहते.

क्रमांकाचा आणि या बँडचा संबंध पहिल्यापासून नाजूक आहे. १९९९ च्या ब्रिट पुरस्कारांत ‘सर्वोत्कृष्ट नवोदित’ हा मान त्यांना श्रोत्यांच्या मतांवर मिळाला, तोही तिसरा अल्बम येऊन गेल्यावर. विक्रीत कितीतरी पुढे असलेल्या ‘स्टेप्स’ या गटाच्या बाजूने तक्रार झाली, मतदानाबद्दल शंका घेतल्या गेल्या. मला त्या प्रसंगाचा अर्थ एवढाच लागतो की संख्येने थोड्या, पण मनाने गुंतलेल्या श्रोत्यांनी एकदा संख्येवरही मात केली. उलट बाजूला पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या संकेतस्थळाचं उदाहरण आहे. ‘द बॉय विथ द ॲरॅब स्ट्रॅप’ या अल्बमला त्यांनी १९९८ मध्ये दहापैकी ०.८ गुण दिले आणि पुढे ते परीक्षणच काढून टाकलं. ज्या समीक्षेत युक्तिवाद असतो ती चुकली तरी वाचण्याजोगी राहते. नुसता आकडा चुकला की मागे काही उरत नाही.

आपल्याकडे रेडिओवरच्या बिनाका गीतमालेने पायदानाची सवय कित्येक पिढ्यांना लावली. अमीन सयानींच्या आवाजात गाणं वर सरकलं की घराघरांत आनंद होई. त्या पायदानामागे रेकॉर्डची विक्री आणि श्रोता संघांची पसंती होती, म्हणजे हिशेब त्या आठवड्याच्या लोकप्रियतेचा होता. चाहत्यांच्या फेरयादीचं काम वेगळं आहे. तिने लोकप्रियतेचा गजर थांबल्यावर काय उरलं ते सांगायचं असतं. दुर्दैवाने शंभर जणांची मतं घेऊन सरासरी काढली की यादी पुन्हा लोकप्रियतेकडेच वळते. सगळ्यांना बऱ्यापैकी आवडलेलं गाणं वर येतं. दहा जणांनी जिवापाड जपलेलं, पण उरलेल्या नव्वदांनी नीट न ऐकलेलं गाणं बुडतं. सरासरी काढून केलेल्या यादीपेक्षा एकाच माणसाने कारणं देत केलेली यादी म्हणूनच मला नेहमी जास्त शिकवून जाते.

या याद्यांत आणखी एक झुकतं माप असतं आणि त्याकडे फारसं कुणी बघत नाही. बँड म्हणजे मर्डॉक, असं गृहीत धरलं जातं. इसोबेल कॅम्बेलचं ‘इज इट विकेड नॉट टू केअर’ एखाद्या वेळी वर येतं, ती २००२ मध्ये बँड सोडून गेली त्याची हळहळही त्यात असते. पण स्टीव्ही जॅक्सनचं ‘सीमोर स्टाइन’? ‘हाय फिडेलिटी’ या २००० सालच्या चित्रपटात हे गाणं रेकॉर्डच्या दुकानात वाजत असतं आणि दुकानातला बॅरी येऊन ते तुच्छतेने बंद करतो. निक हॉर्नबीच्या मूळ कादंबरीतही आणि चित्रपटातही त्या दुकानातली माणसं दिवसभर पहिल्या पाचांच्या याद्या करत असतात. बॅरीचा तो निकाल अनेकांनी न ऐकताच कायम केला असावा. हे गाणं आज ऐका. एका लेबलच्या मालकाच्या नावाआडून ते गमावलेल्या माणसाबद्दल आणि हुकलेल्या संधीबद्दल बोलतं, फार हळुवारपणे. सारा मार्टिनच्या आवाजाने उजळलेलं ‘आय डिडन्ट सी इट कमिंग’ हे २०१० च्या ‘राइट अबाउट लव्ह’चं पहिलं गाणं. या बँडने केलेल्या सर्वांत देखण्या सुरुवातींपैकी ती एक आहे. तेही मधल्या फळीत कुठेतरी असतं.

काही गाण्यांना क्रमांक देणंच अवघड. २००० सालच्या अल्बमवरचं ‘द शॅले लाइन्स’ बलात्कार सोसलेल्या मुलीच्या तोंडून येतं. साथीला पियानो आणि सूर जवळजवळ सपाट. ते पुन्हा पुन्हा लावावंसं वाटत नाही आणि वाटूही नये. आवडीच्या यादीत ते तळाला जातं, पण धाडसाच्या यादीत त्याची जागा फार वर आहे. हा फरक सांगायला चाहत्याने दोन ओळी तरी खर्च कराव्यात.

सर्वांत मोठा अन्याय २००३ पासूनच्या काळावर झाला. ‘डिअर कॅटॅस्ट्रफी वेट्रेस’चा निर्माता ट्रेव्हर हॉर्न, म्हणजे ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’वाला, ‘फ्रँकी गोज टू हॉलिवूड’ला घडवणारा. जुन्या चाहत्यांना हा घरभेद वाटला. आवाज स्वच्छ झाला, ठेका पक्का झाला, लाजरेपणा गेला. मला मात्र वाटतं की या बँडला गाणं पुरं वाजवता येतं हे पहिल्यांदा इथे ऐकू आलं. त्या अल्बमला पुढच्या वर्षी मर्क्युरी पुरस्काराचं नामांकनही मिळालं. आणि जे जुनं हवं होतं ते कुठे गेलं नव्हतं. ‘पियात्सा, न्यूयॉर्क कॅचर’मध्ये पुन्हा एक गिटार आणि एक आवाज आहे. बेसबॉलपटू माइक पियात्साचं नाव घेत, अमेरिकेतल्या भटकंतीच्या आणि प्रेमाराधनेच्या दिवसांतून गाणं चालत राहतं. ‘जुनो’ चित्रपटामुळे ते नव्या पिढीच्या कानावर पडलं. ‘लॉर्ड ॲन्थनी’मध्ये शाळेत छळ सोसणारा मुलगा आहे, त्याच्याकडे मर्डॉक दयेने बघत नाही, बरोबरीने बघतो.

२००६ चा ‘द लाइफ पर्सूट’ लॉस एंजेलिसमध्ये निर्माता टोनी हॉफरच्या हाताखाली झाला. ‘फनी लिटल फ्रॉग’ ब्रिटनमध्ये १३ व्या क्रमांकापर्यंत गेलं आणि याद्यांत त्याचंच नाव येतं. माझं बोट मात्र ‘ड्रेस अप इन यू’वर आहे. दोन मैत्रिणी, एक नटी होऊन पुढे गेलेली, दुसरी मागे राहिलेली. मागे राहिलेली बोलते आहे. हेवा, माया, अपमान, अभिमान हे सगळं एका संथ चालीत. ती बोलून थकते तेव्हा बँडच्या मिक कूकचा ट्रम्पेट येतो आणि जे तिला सांगता आलं नाही ते पुरं करतो. एवढा नेमका ट्रम्पेट ‘सिनिस्टर’वरही नाही. हे गाणं पहिल्या पाचांत नसेल तर यादी करणाऱ्याने ते शेवटपर्यंत ऐकलेलं नाही, असं मी म्हणेन.

त्यापुढचा काळ असमान आहे. २०१७-१८ च्या तीन ईपी पातळ आहेत. २०२२ च्या ‘अ बिट ऑफ प्रीव्हियस’मध्ये ग्लासगोची ऊब परत आली, पण सगळी गाणी टिकतील असं नाही. या पसाऱ्यात एक गाणं मात्र पहिल्या तीनांतलं आहे: २०१५ चं ‘नोबडीज एम्पायर’. बँड सुरू होण्याआधी मर्डॉक सातएक वर्षं मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस, म्हणजे सततच्या थकव्याच्या विकाराने घरात अडकला होता. गाणी सुचू लागली ती त्याच काळात. त्या दिवसांबद्दल तो वीस वर्षं आडून बोलत होता, इथे सरळ बोलला. अंथरुणातून दिसणारा उजेड, आधार देणारी मैत्रीण, हळूहळू परत येणारं शरीर, आणि त्याबरोबर एकेक पाऊल वाढत जाणारी चाल. २०२४ मध्ये त्याने याच नावाची कादंबरीही लिहिली. पहिल्या दोन अल्बमांतला हळवेपणा कुठून आला हे ज्याला जाणून घ्यायचं आहे, त्याला या गाण्यापाशी यावंच लागतं. १९९८ पाशी थांबलेल्या यादीत ते नाही.

फेरऐकणीचा धडा खुद्द बँडने दिला आहे. ‘सिनिस्टर’चं मूळ मुद्रण मर्डॉकला कधीच समाधान देऊन गेलं नाही. २००५ मध्ये लंडनच्या बार्बिकनमध्ये त्यांनी अख्खा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला आणि तो मुद्रित करून विकला. मिळालेले पैसे त्याच वर्षी ऑक्टोबरात काश्मीर आणि पाकिस्तानात झालेल्या भूकंपाच्या मदतीला दिले. वादन तिथे निर्विवाद सरस आहे. ‘द स्टार्स ऑफ ट्रॅक अँड फील्ड’ची कुजबुजीपासून गजरापर्यंतची चढण त्या सभागृहात खरी उंची गाठते. ‘द फॉक्स इन द स्नो’ मात्र मला अजून जुनंच हवं, कारण तिथला एकटेपणा नऊ वर्षांच्या सरावाने थोडा कमी झाला आहे. दहा गाणी दोन रूपांत शेजारी ठेवून असा निवाडा करता येतो, तेव्हा क्रमवारी हा चांगल्या समीक्षेचा प्रकार ठरतो.

आजची माझी पहिली पाच अशी: ‘लेझी लाइन पेंटर जेन’, ‘द स्टेट आय ॲम इन’, ‘नोबडीज एम्पायर’, ‘ड्रेस अप इन यू’ आणि ‘द स्टार्स ऑफ ट्रॅक अँड फील्ड’. तुमची वेगळी असणार, असावीच. फक्त ती लिहिण्याआधी ‘पुश बारमन’ एकदा क्रमाने ऐका, त्यानंतर ‘द लाइफ पर्सूट’ ऐका, आणि प्रत्येक क्रमांकापुढे त्याचं कारण एका ओळीत तरी लिहा.